येते हं, अण्णा

औषधाने अण्णांच्या शरीरातली सारी रसायनं मंदावली होती. पोटातली गाठ वाढायची थांबली, पण कानावर पडलेला शब्द उमगायला त्यांना आता पुरता आठवडा लागे.

हेमांगी रोज सकाळी घराबाहेर पडताना “येते हं, अण्णा” म्हणायची. त्यांचं “ये” पुढच्या आठवड्यात यायचं. गेल्या बुधवारपासून तिने तसं म्हणणंही सोडलं होतं. त्याचं तिला वाईटसुद्धा वाटेनासं झालं होतं.

या बुधवारी ती चपला घालत होती, तोच अण्णांचे ओठ हलले.

“आज न सांगताच निघालीस, बाळा?”

हेमांगी आत आली.

“चुकलं, अण्णा. येते हं,” ती म्हणाली.

मधल्या सहा मुक्या सकाळी मात्र त्यांच्यापर्यंत अजून पोचायच्या होत्या.