आईची रायफल

एल्मारीने कपाटातून आईची रायफल काढली, तसा तिचा बाप गिडियन दारातूनच म्हणाला, "ठेव ती परत."

एल्मारीने ती ठेवली नाही. काल बापाचं ऐकून तिने मोठी तीनशेपंचाहत्तर बोअरची रायफल घेतली होती, आणि गेम्सबॉक हरणाच्या पायावर गोळी घातली होती. एवढं भाल्यासारख्या शिंगांचं जनावर, आणि ते तीन पायांवर टेकड्यांआड गेलं. तोवर अंधार झाला. जखमी जनावर रानात सोडून घरी परतायचं, हे त्या घराण्यात कुणी बोलूनसुद्धा दाखवत नसे. एल्मारीचा उजवा खांदा बंदुकीच्या धक्क्याने काळानिळा पडला होता. पण त्याहून जास्त दुखत होतं ते बापाचं बोलणं. शेजारचा लौरेन्स माग काढायला आपला कुत्रा घेऊन आला होता. त्याच्यासमोरच गिडियन बोलला होता, "बंदुकीचा काय दोष? डोळे मिटून चाप ओढल्यावर गोळी जाणार कुठे?"

पुढच्या महिन्यापासून शिकारीला बाहेरचे पाहुणे येणार होते. आता शेत एल्मारी बघणार, पाहुण्यांना रानात तीच नेणार. कुणी जनावर जखमी केलंच, तर ते संपवायची जबाबदारीही तिचीच. म्हणून तिच्या खांद्यावर मोठीच बंदूक हवी, असं गिडियनचं म्हणणं. हातात बसेल आणि घाबरवणार नाही अशी बंदूक हवी, असं एल्मारीचं. आठवडाभर जेवायच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता.

"सात मिलिमीटरची गोळी," गिडियन म्हणाला. "हिने बागेतली पाखरं उडव."

"आई हीच न्यायची."

"तुझी आई पाणी घेऊन यायची माझ्याबरोबर. बंदूक नुसती खांद्याला असायची तिच्या." त्याने तीनशेपंचाहत्तर उचलली. "चल. आज बघ कशी मारतात ते."

बायको हेस्टर वारल्यापासून तो शिकारीला गेला नव्हता. गुडघे दुखतात म्हणायचा. त्याआधीही तो जायचा तो फक्त तिच्याबरोबर. तिसरं माणूस त्याला चालत नसे. रानातून एकच बार ऐकू यायचा, आणि थोड्या वेळाने गाडीत जनावर घालून दोघं परत यायची. ते सोलायचं काम हेस्टर दुसऱ्या कुणाला देत नसे. बाई किती कष्टाळू, म्हणायचे लोक. आणि गिडियनची एक गोळी म्हणजे एक जनावर, हे तर पंचक्रोशीत पोरासोरांनाही ठाऊक होतं.

लौरेन्स आजही बरोबर होता; त्याच्या कुत्र्याने माग पटकन धरला. लाल वाळूत रक्ताचे थेंब सुकून काळे पडले होते. तारेचं कुंपण आलं, तेव्हा नियमाप्रमाणे दोघांनी नळीतलं काडतूस काढून खिशात टाकलं, तार ओलांडली आणि पुढे निघाले. एल्मारीने आपलं काडतूस परत भरलं. गिडियन घामाघूम झाला होता. ऊन अजून कोवळंच होतं.

टेकडीच्या वळणावर लौरेन्सने कुत्र्याला आवरलं आणि तो त्याला घेऊन मागेच थांबला. बापलेक वाकून पुढे सरकले. काटेरी बाभळीखाली गेम्सबॉक उभा होता, मान खाली घालून. दगड मारला तर लागेल इतका जवळ. गिडियनने बंदूक झाडाच्या फांदीला टेकवली, नेम धरला आणि चाप ओढला.

नुसतं खट्ट वाजलं. नळी रिकामी होती; कुंपणापाशी काढलेलं काडतूस अजून त्याच्या खिशातच होतं.

तरीही बंदुकीचं तोंड वीतभर खाली गेलं. गिडियनचा खांदा पुढे झेपावला, मान आत ओढली गेली, डोळे गच्च मिटले. बार झाला असता तर त्या धक्क्यात यातलं काहीच कुणाला दिसलं नसतं.

त्याने डोळे उघडले तेव्हा एल्मारी त्याच्याकडेच बघत होती.

गेम्सबॉकने मान वर केली. एल्मारीने बंदूक खांद्याला लावली आणि बार काढला. जनावर जागच्या जागी कोसळलं. पाय झाडायलाही त्याला वेळ मिळाला नाही.

गिडियनला वाटलं, आता बोलेल. काल मी बोललो तेच बोलेल, आणि मला ऐकून घ्यावं लागेल. पण तिने वाळूतली रिकामी पुंगळी उचलून खिशात घातली, बंदूक खांद्याला अडकवली आणि त्याच्या मागे एक पाऊल सरून उभी राहिली.

"पा," ती हळूच म्हणाली, "लौरेन्स येतोय. त्याने काही पाहिलं नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती त्याला वाचवत होती, आणि तिला ते किती सहज जमलं होतं. गिडियनच्या कानशिलांवर रक्त चढलं. हेस्टरही अशीच बंदूक घेऊन एक पाऊल मागे उभी असायची, आणि पन्नाशीपर्यंत, साठीपर्यंत, त्यापुढेही त्याने कधी वळून तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

लौरेन्स लांबूनच हसत आला. त्याने जनावराकडे बघितलं, खांद्याच्या पाठीमागे बरोबर लागलेली गोळी बघितली आणि हात पुढे केला. "हात तसाच आहे रे तुझा, गिडियन. पोरीला दे जरा शिकवून."

एल्मारी खाली वाळूकडे बघत होती. गिडियनचा हात सवयीने अर्धा वर आला आणि तिथेच राहिला. मग त्याने तो खाली घेतला.

"ही गोळी हिची आहे," तो म्हणाला. "आणि घरात भिंतीवर जेवढी शिंगं आहेत ना लौरेन्स, ती सगळी हिच्या आईची."