लिंबाच्या वासाच्या काचा

बाबांनी काच खिडकीच्या उजेडात धरली, तिच्यावर तोंडाची वाफ सोडली आणि शर्टाच्या खिशातून फवाऱ्याची छोटी बाटली काढली. फुस्स, फुस्स. मग मऊ फडक्याने ती काच अशी प्रेमाने पुसली, जणू आता ती कुणाच्या तरी नाकावर बसवायची आहे.

जेवणाचा डबा विसळून आलेली लेक प्रयोगशाळेच्या दारातच थबकली.

"बाबा, काय करताय?"

"कुठे काय. डाग होता." बाटली घाईघाईने खिशात गेली. "तुझ्या काचा फार कळकट असतात, ठकू. तू डबा विसळायला गेलीस की मी रोज जरा हात फिरवतो."

रोज.

महिनाभर तिच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या काचांवर काही म्हणजे काही धरत नव्हतं. अंड्याच्या बलकातला एक स्निग्ध पदार्थ काचेवर पातळ पसरायचा, वाळवायचा, वर साखरेचं पाणी सोडायचं आणि वाट पाहायची. त्यातून इवलेइवले फुगे वर यायला हवेत, पेशीभोवती असतं तसल्याच आवरणाचे, फक्त आतून रिकामे. इतरांकडे ते मुकाट येत. हिच्याकडे नुसता चिकट राडा. तिने पाणी बदललं, साखर बदलली, बलकाचा माल दुसरीकडून मागवला, शेवटी स्वतःच्या अकलेवरही शंका घेऊन झाली. काचेवर संशय घेण्याचं कारणच नव्हतं. काचा कशा नेहमी लख्ख असत. आणि उद्या सकाळी मार्गदर्शक सरांना एक तरी फुगा दाखवायचा होता, नाहीतर संशोधनाचा विषय बंद आणि इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

तिने काच नाकाशी नेली. लिंबू.

"भांड्यांचा साबण?"

"थेंबभरच, पाण्यात. दुकानात जन्मभर हेच केलं." बाबांचा जन्म चष्म्याच्या दुकानात गेला होता. निवृत्तीनंतर दुकान सुटलं, पण हात काही ऐकत नव्हते. "तेलकटपणा याच्याइतका कशानेच जात नाही बघ."

"माझे फुगे तेलकटपणाचेच आहेत, बाबा."

बाबा फडकं हातात धरून उभेच राहिले. ठकूला खरं तर चिडायचं होतं. त्याऐवजी ती स्टुलावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. सापडलं होतं. इतके दिवस जे सापडत नव्हतं, ते रोज डबा घेऊन येत होतं आणि वर पोळी गार झाली म्हणून रागवत होतं.

तिने काचांचा न फोडलेला खोका फोडला, दोन काचांवर बलकाचा थर वाळवून साखरेचं पाणी सोडलं आणि बाबांना हातभर लांब बसवलं.

"पण पाण्यात तेलाचा फुगा होतोच कसा?" लांबून प्रश्न आला.

"एकेका कणाला एक डोकं आणि दोन शेपट्या. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना पाण्याचं वावडं. मग ते दोन रांगा करतात. शेपट्या मध्ये, डोकी दोन्हीकडे बाहेर." तिने दोन तळवे एकमेकांसमोर धरले. "कडेच्या शेपट्या तरी उघड्या पडतातच. म्हणून कडा वळते आणि मिटते. झाला फुगा."

"सांगतं कोण त्यांना?"

"कुणीच नाही."

हे बाबांना फारसं पटलं नाही.

तासाभराने ठकूने डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला. मग ती बाजूला सरकली आणि बाबांना हाताला धरून पुढे ओढलं.

बाबांनी दुकानातल्या सवयीने चित्र स्पष्ट करणारी चाकी केसभर फिरवली, आणि फुगे समोर आले. गोल, पारदर्शक, धक्क्याने किंचित थरथरणारे, एकाला एक खेटून वर येणारे.

"आत काय आहे?"

"पाणी."

"बाहेर?"

"पाणीच."

"आणि मध्ये एवढंसं?"

"दोन कणांच्या जाडीचं."

"एवढ्यावर माणूस उभा आहे?"

"माणूस, झाड, मांजर. सगळेच."

बाबांनी डोळा काढला नाही. ठकूला इतका आनंद झाला होता की तो ठेवायचा कुठे, हेच कळेना. मग तिने हात पुढे केला. "ती बाटली द्या."

फुगे आता बाजूच्या पडद्यावर दिसत होते. तिने काचेच्या कडेला साबणपाण्याचा एक थेंब सोडला. कडेचा फुगा थरथरला आणि नाहीसा झाला. मग त्याच्या शेजारचा. मग सगळी रांगच.

"अगं, गेले की सगळे."

"जायलाच हवेत. हे हवेचे बुडबुडे कशावरून नाहीत, हा सरांचा पहिला प्रश्न असणार. हवेच्या बुडबुड्याचं साबणाने काही बिघडत नाही. हे विरघळले, म्हणजे खरे." पडद्यावरचं सगळं तिने टिपून ठेवलं होतं.

बाबांनी रिकाम्या पडद्याकडे पाहिलं. "म्हणजे महिनाभर मी तुझ्या पोटावर पाय देत होतो."

"आणि आज सरांना द्यायचं उत्तरही तुमच्याच खिशातून निघालं." तिने बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आणि ती मोठमोठ्या नावांच्या बाटल्यांच्या रांगेत, पुढेच, ठेवून दिली.

मग दुसरी काच भिंगाखाली गेली. तिच्यावरही फुगे येऊ लागले होते. बाबा पाहायला वाकले. त्यांचा उजवा हात आपोआप फडक्याकडे निघाला आणि अर्ध्यातच थांबला.

"कोपऱ्यात डाग आहे गं," ते म्हणाले, आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून पुन्हा वाकले.