पिवळी नाडी

“नव्यांनो, डोळे फाडून बघा, हीच आपली लाडकी चूक!” चाहत्यांच्या क्लबचे अध्यक्ष रंगात आले होते. मारधाडपटाच्या दुसऱ्या भागात नायक पुलावरून झेपावला, तोच त्यांनी रिमोटने त्याला हवेतच थांबवलं. “पुलावर बुटाची नाडी काळी, उडीत पिवळी! आमच्या नजरेतून सुटतंय होय?” शिट्ट्या घुमल्या. रिवाजाप्रमाणे नव्यांच्या हाती पिवळी नाडी पडली. नव्यांतल्या एका शिंपीणबाईंनी हात पुढे केलाच नाही. त्यांच्या घरी या सिनेमाचं नाव काढायची सोय नव्हती. आता आई गेल्यावर त्या तो पहिल्यांदाच बघत होत्या. “उडीत नायकाऐवजी माझे बाबा आहेत. त्या सकाळी त्यांची नाडी तुटली, मी माझी काढून दिली.” अध्यक्ष हरखले. “मग त्यांनाही आणा की!” “या उडीनंतर घरी आलेच नाहीत.” अध्यक्षांनी आपला पिवळ्या नाडीचा बूट खुर्चीखाली सरकवला. रिमोटला कुणी हात लावेना. बाबा अजून हवेतच होते.