बोलायची मुभा

“ती पहिल्या रांगेत बसली आहे. तिच्याकडे बघू नका,” वकील डॉक्टरांच्या कानाशी पुटपुटले.

डॉक्टरांनी आधीच पाहिलं होतं. चार वर्षांत ती बाई बरीच खंगली होती. शाळेत गणित शिकवायची. नवरा बस चालवायचा. अपेंडिक्सच्या साध्या ऑपरेशनसाठी तो स्वतःच्या पायांनी चालत आला आणि परत घरी गेलाच नाही. भूल याच डॉक्टरांनी दिली होती. तिने केलेली केस अजून चालू होती. आज ती या कायद्याला विरोध करायला आली होती.

विधिमंडळाच्या समितीपुढे नव्या कायद्याचा मसुदा होता. उपचारात काही बिघडलं, तर डॉक्टर रुग्णाच्या घरच्यांना जे सांगेल, मग ती माफी असो की माहिती, ते कोर्टात त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही, असं त्यातलं मुख्य कलम. त्यासाठी डॉक्टरांच्या संघटनेने तीन वर्षं उंबरे झिजवले होते. बोलायला या डॉक्टरांना पुढे केलं होतं.

“मसुदा टाइप केलाय हे बरं,” एक सदस्य म्हणाले. “डॉक्टरांच्या अक्षरात असता तर आपण कशावर सह्या करतोय तेच कळलं नसतं.”

दोघं-तिघं हसले. ती हसली नाही.

डॉक्टर उभे राहिले. आणलेला कागद त्यांनी उघडलाच नाही.

“आम्हाला सूट नको आहे. चूक झाली तर तपासा. दोषी ठरलो तर शिक्षा द्या. फक्त तपासणाऱ्यांत वैद्यक जाणणारं कोणी असू द्या. आणि बोललो म्हणून बुडालो, असं होऊ नये. आज काही वाईट घडलं की आधी वकिलाचा फोन येतो. ब्र काढायचा नाही म्हणून. मग आम्ही मागच्या दाराने निघून जातो. घरचे लोक पुढच्या दाराशी उभे असतात.”

त्यांनी हातातला कागद टेबलावर ठेवला.

“अशी एक केस अंगावर आली की माणूस ताकही फुंकून पितो. गेल्या वर्षी मांडीचं हाड मोडलेले एक आजोबा आले होते. हृदय कमजोर होतं. जपून भूल देता आली असती. मी नको म्हणालो आणि त्यांना मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. ते वाटेतच गेले. कागदावर माझं काहीच चुकलं नाही.”

अध्यक्षबाईंनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. “तुमचा आक्षेप आहे ना? बोला.”

ती उठली. मांडीवरची फाइल तिने खुर्चीवर ठेवली.

“या कायद्याने डॉक्टरांना लपायला आणखी एक भिंत मिळेल, असं मी लिहून आणलंय. ते वाचत नाही. डॉक्टर, एकच विचारते. त्या दिवशी हे शेवटचं काय बोलले? चार वर्षांत मला कोणी सांगितलं नाही. कोर्टात विचारलं, तर म्हणाले, हा प्रश्न प्रकरणाशी संबंधित नाही.”

वकील ताडकन उठले. “केस कोर्टात चालू आहे. माझे अशील उत्तर देणार नाहीत.” मग त्यांनी डॉक्टरांची बाही धरली. “कायदा अजून झालेला नाही,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “इथला शब्द न् शब्द नोंदला जातोय. परवाना जाईल तुमचा.”

डॉक्टरांनी बाही सोडवून घेतली. मग पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं.

“ऑपरेशन नीट झालं होतं. त्यांनी डोळे उघडले. ‘झालं का?’ म्हणाले. मी हो म्हटलं. मग म्हणाले, ‘बाहेर बायको आहे, तिला सांगा. सकाळपासून तिने काही खाल्लेलं नाही.’”

तिने शेजारच्या खुर्चीची पाठ धरली.

“ते अजून पुरते शुद्धीवर आले नव्हते,” डॉक्टर म्हणाले. “मी तिथून हलायला नको होतं. शेजारच्या खोलीत एका बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला. भूल देणारा मी एकटाच होतो. मी धावलो, आणि नर्सलाही सोबत नेलं. ती माझी चूक. चार मिनिटांनी परतलो, तेव्हा त्यांचा श्वास थांबलेला होता. नंतर पाऊण तास आम्ही झटलो. मला माफ करा.”

वकील मटकन खाली बसले.

“आणि ती बाळंतीण?” तिने विचारलं.

“वाचली. बाळही.”

तिने मान हलवली.

“म्हणजे हा निरोप चार वर्षं तुमच्याजवळ होता.”

“हो.”

मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिचा वकील उभा राहिला होता. इतकी वर्षं तो हेच शोधत होता, आणि आता ते आयतं हातात पडलं होतं. “अध्यक्षबाई, या जबाबाची प्रत आम्हाला आजच हवी. डॉक्टरांनी चूक कबूल केली आहे.”

“नोंद झालेली आहे,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “प्रत मिळेल.”

डॉक्टर उभेच होते.

ती अध्यक्षबाईंकडे वळली. पदराने तिने तोंड पुसलं. आवाज मात्र वर्गात फळ्यापुढे असतो तसा स्पष्ट होता.

“ताई, एवढं कामकाजातून वगळा. ते त्यांनी मला सांगितलंय, कोर्टाला नाही.”