मन लावून

कामात समाधान कसं मिळवावं, यावर साहेबांचं ऑनलाइन प्रवचन तासभर चाललं होतं. ज्याला साधा एक मेल धड लिहिता येत नाही, तो माणूस आज कामाची गोडी लावायला निघाला होता. कॅमेरा बंद केलेला चालत नव्हता, म्हणजे जांभई द्यायचीही चोरी. उत्तनच्या घरात बसलेली फ्लेव्हिया मान वर करायला तयार नव्हती.

"फ्लेव्हियाकडे बघा! कशी मन लावून लिहून घेतेय. काय फ्लेव्हिया, कसं वाटतंय?"

"खूप समाधान वाटतंय, सर," ती अगदी मनापासून म्हणाली.

मग माईक बंद करून तिने आत हाक मारली, "मम्मी, सुपातला सुका जवळा निवडून झाला. अजून आण, हा बाबा काय इतक्यात थांबत न्हाय."