चेस्टनटचा घोडा

लीवा एक आठवडा आईकडे राहायची, एक आठवडा बाबाकडे. ऑक्टोबरातल्या त्या रविवारी निघताना तिने चर्चमागे वेचलेल्या चेस्टनटच्या तपकिरी बियांना आगकाड्यांचे पाय खोचले आणि झालेला घोडा बाबाच्या खिडकीत उभा केला.

"याच्याशी रोज बोलायचं हं बाबा. नाहीतर बिचारा एकटा पडेल."

"हो गं बाई," आस्गर हसत म्हणाला.

आठवड्याने आली ती चिखलाच्या गमबुटांसकट थेट खिडकीकडे धावली. घोडा सुकून सुरकुतला होता, एक पायही गळला होता. तिने तो कानाशी धरला.

"म्हणतोय, बाबा रोज बोलायचा. खूप वेळ बोलायचा."

आस्गरचा चेहरा उतरला.

"आणि… मी काय बोलायचो, तेही सांगतोय का?"