साक्षीची सही

चिंचणीतला दागिन्यांच्या डायचा, म्हणजे पोलादी साच्यांचा, कारखाना विकायचा होता, त्या सकाळी भगवंतांनी आपल्या छिन्न्यांना शेवटचं हळदकुंकू वाहिलं. पोलादावर नक्षी कोरता कोरता डोळे पार अधू झाले होते. सुटलो एकदाचा, म्हणत ते मुलाबरोबर पालघरला वकिलाच्या ऑफिसात गेले. कारखाना केव्हाच जितेशच्या नावावर करून दिला होता. त्यांना फक्त साक्षीदार म्हणून सही करायची होती.

घेणाऱ्या शेठची वकील, हेतल, करारनामा वाचून दाखवत होती. शेड, प्रेस, जुन्या डाय... भगवंत मान डोलावत होते. मग ती म्हणाली, "आणि कारागीर भगवंत पुढची पाच वर्षं नव्या मालकाकडे कामाला राहतील. काका, तुमची सही इथे."

भगवंत उसळले. "जितेश, बघतोस काय? तुला भोळा समजून कायपन घुसडतात हे! नाय विकायचा आपल्याला. ऊठ!"

जितेश उठला नाही.

हेतल चाचरत म्हणाली, "काका, शेठनी नुसती मशिनं मागितली होती. कारागिरासकट देतो, हे जितेशभाईच म्हणाले."

"तुमच्याशिवाय भाव येत नव्हता, बाबा," जितेश खाली बघतच बोलला.

पोराने बापाच्या हाताची किंमत ओळखली, ती जन्मात पहिल्यांदाच. भगवंतांनी मुकाट्याने पेन घेतलं. पण सहीची जागा काही त्यांना दिसेना.

जितेशने त्यांचं बोट धरलं आणि बरोबर तिथे नेऊन टेकवलं.